दवाखान्याच्या पाटीवरची नावं काय करतात?

मंडळी, आपल्या भागातल्या कुठल्याही धर्मादाय दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात, तर केसपेपरच्या खिडकीजवळ एक पाटी हमखास दिसते. वर अध्यक्ष, खाली उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मग सदस्यांची रांग. सरकारी केंद्र असेल तर मथळा 'रुग्ण कल्याण समिती', अलीकडची पाटी असेल तर 'जन आरोग्य समिती'. नंबर येईपर्यंत आपण ती वाचतो, ओळखीची दोन-तीन नावं सापडतात, "अरे, हे पण आहेत होय!" असं म्हणतो आणि गोळ्या घेऊन घरी येतो. कदाचित त्या पाटीवर तुमचंच नाव असेल. सरपंच म्हणून असेल, जागा दिली म्हणून असेल, नाहीतर वडील विश्वस्त होते, ते गेल्यावर आपोआप लागलं असेल. तसं असेल तर आजचा मजकूर तुमच्यासाठीच आहे.

या मंडळींना पगार नाही. बैठकीला चहा-बिस्कीट, फार तर पोहे. म्हणून आपला समज असा की, फुकटचं काम आहे, जमेल तसं करावं. इथंच गाडी घसरते. विकास सोसायटीचं कसं असतं बघा. संचालक मंडळाची निवडणूक लागली की गावात दोन पॅनल पडतात, भावकी फुटते. वार्षिक सभेत लाभांश एक टक्का कमी जाहीर झाला, तर मागच्या बाकावरचा सभासदसुद्धा उठून चेअरमनला जाब विचारतो. उसाची पहिली उचल शंभर रुपयांनी कमी निघाली की रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे होतात. पण आरोग्य केंद्रात कुत्रा चावल्यावरची लस महिनाभर नाही, म्हणून कुणी ट्रॅक्टर आडवा लावलेला तुम्ही पाहिलाय का? कारण साधं आहे. दवाखान्यात आपला शेअर नाही. लाभांश नाही, म्हणून सभासद नाही, आणि सभासद नाही म्हणून विचारणारा नाही. ही विचारणाऱ्याची रिकामी जागा भरून काढणं, एवढ्यासाठीच ते बिनपगारी मंडळ असतं.

आपल्या जिल्ह्यात या मंडळांचे नमुने सगळ्या तऱ्हेचे आहेत. सोलापुरात अश्विनी आणि मार्कंडेय ही सहकारी रुग्णालयं आहेत. तिथं सहकाराचा कायदा लागतो, भागधारक संचालक निवडतात. बार्शीत शिक्षण संस्थेच्या छत्राखाली जगदाळे मामा हॉस्पिटल चालतं. त्याच बार्शीत नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय एका धर्मादाय संस्थेनं उभं केलं, आणि १९८७ साली देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी तिथूनच सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावोगाव फिरून ही नोंद होते. पुढं टाटा रुग्णालयाबरोबर याच बार्शीच्या डॉक्टरांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखावर बायांना सामील करून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची चाचणी करून दाखवली. २००९ साली तिचे निष्कर्ष जगभर वाचले गेले. तालुक्याच्या गावातली संस्था एवढं काम करू शकते, हे आपण शेजारी राहून विसरतो. हैदराबाद रस्त्यावर अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं केलं. गावातल्याच बायांना 'भारतवैद्य' म्हणून तयार करणारी ती संस्था.

पण मंडळाचा विचार करायचा तर करमाळ्याच्या वेशीपलीकडं जायला हवं.

जामखेडचा धडा

करमाळा तालुक्याला लागूनच जामखेड. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं तिथं आलं. दोघंही वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले, नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात राबलेले, नंतर अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आलेले. परत आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गावकऱ्यांना विचारलं, आम्ही यावं का? गावातली जाणती मंडळी, वेगवेगळ्या पक्षांची, एकत्र बसली. त्यांची सल्लागार समिती झाली आणि सुरुवातीचा दवाखाना गुरांच्या दवाखान्याच्या जुन्या इमारतीत भरला. आता गुरांच्या दवाखान्यात माणसं तपासायची म्हणून कुणी नाक मुरडलं असेलही, पण जागा गावानं दिली होती. त्यामुळं दवाखाना 'डॉक्टरांचा' न होता 'आपला' झाला.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. खरी शिकण्यासारखी पुढं आहे. सल्लागार समितीत होते ते गावचे पुढारी. पुढाऱ्यांना काय हवं होतं? मोठं हॉस्पिटल, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर. त्यात चूक काही नाही, पण लेकरं मरत होती ती जुलाबानं, धनुर्वातानं, उपासमारीनं, आणि तीही वस्तीवर, वाड्यावर, दलितवाड्यात. त्या घरातलं कुणी समितीत नव्हतं. त्यामुळं आरोळे दांपत्य फक्त समितीवर थांबलं नाही. गावोगाव तरुण शेतकऱ्यांची मंडळं निघाली. पोरं जमवायची कशी? व्हॉलीबॉलची जाळी लावून. खेळायला सगळ्या जातीची पोरं एका मैदानात आली आणि खेळ संपल्यावर गप्पा निघाल्या, विहीर, बी-बियाणं, झाडं, गावाची साफसफाई. नंतर महिला मंडळं झाली. आणि प्रत्येक गावानं आपल्यातलीच एक बाई आरोग्यसेविका म्हणून निवडली. बऱ्याच जणी निरक्षर होत्या, अनेक जणी दलित समाजातल्या. आठवड्यातून त्या जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, शिकायच्या आणि गावात परतून बाळंतपणं, वजनं, लसी यांचं काम बघायच्या. पगारदार नर्स गावात राहायला तयार नव्हती, आणि ही तर गावातच राहणारी.

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी ज्यांनी खडी फोडून काढला, त्यांना वेगळं सांगायला नको. त्या काळात जामखेड भागात मदतीतून बोअर घेतल्या गेल्या. बोअर कुठं घ्यायची, हा प्रश्न साधा नव्हता. पाणी लागेल अशा जागांतून दलित वस्तीतली जागा निवडली गेली. मग सगळ्या गावाला पाण्यासाठी तिकडंच जावं लागलं. हा निर्णय औषधाचा नव्हता, पण त्याचा आरोग्याशी संबंध कुठल्याही इंजेक्शनपेक्षा जास्त होता. मंडळाचं काम असं असतं. कुठली गोळी द्यायची ते डॉक्टर बघेल. हातपंप कुणाच्या दारात बसणार, हे मंडळानं बघायचं.

प्रकल्पाच्या नोंदी सांगतात की, १९७१ साली त्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भकं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ साली हा आकडा ५२ वर आला. पाच वर्षांत! १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं जगातल्या निवडक प्रयोगांचं जे पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० साली डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. काम चालू राहिलं. संस्था माणसाबरोबर मेली नाही, हीसुद्धा मंडळाचीच परीक्षा असते. आपल्याकडं किती दवाखाने डॉक्टरांच्या निवृत्तीबरोबर कुलूपबंद झाले, ते तुम्हीच मोजा.

सातासमुद्रापार

ही कल्पना एकट्या जामखेडची नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात माउंड बायू नावाचं गाव आहे. कापसाचा प्रदेश, काळे शेतमजूर. यंत्रं आली, हाताला काम उरलं नाही आणि घरात चूल पेटेना. १९६५ च्या सुमाराला डॉ. जॅक गायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं सामुदायिक आरोग्य केंद्राचा घाट घातला. कुपोषित लेकरं आली की डॉक्टर चिठ्ठीवर औषधाच्या जागी अन्न लिहायचे, दूध, भाज्या, मांस. किराणा दुकानदार चिठ्ठीवर माल द्यायचा आणि बिल केंद्राच्या औषध खात्यातून जायचं. वरून साहेबांची विचारणा झाली तेव्हा उत्तर तयार होतं, उपासमारीवर औषध अन्नच असतं. पुढं तिथल्या लोकांनी शेकडो कुटुंबांची शेती सहकारी संस्था काढली आणि भाजीपाला स्वतःच पिकवला. गावोगाव आरोग्य मंडळं आणि त्या सगळ्यांची मिळून एक परिषद, अशी तिथं रचना होती.

त्यातून तिकडं जो नियम पक्का झाला, तो आपण ऐकण्यासारखा आहे. सरकारी अनुदान घेणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्राच्या मंडळात ९ ते २५ माणसं असावीत आणि त्यातली किमान ५१ टक्के त्याच केंद्रात स्वतः उपचार घेणारी असली पाहिजेत. केंद्राचा नोकर किंवा त्याचा जवळचा नातेवाईक मंडळावर चालत नाही. दर महिन्याला बैठक. मुख्य कार्यकारी नेमायचा किंवा काढायचा, अंदाजपत्रक मंजूर करायचं, केंद्र किती वाजता उघडायचं ते ठरवायचं, हे सगळं मंडळाच्या हाती.

आता आपल्याकडच्या पाटीकडं पुन्हा बघा. त्यातली किती मंडळी स्वतः आजारी पडल्यावर त्या दवाखान्यात जातात? प्रामाणिकपणे मोजा. आपल्याला ताप आला तर सोलापूर, लेकीचं बाळंतपण असलं तर पुणे, आणि सही मात्र गावच्या दवाखान्याच्या ठरावावर. ज्यानं त्या खिडकीपुढं दोन तास उभं राहून पाहिलं नाही, त्याला रांगेत सावली नाही हे कसं कळणार? एक्कावन्न टक्क्यांचा नियम आपल्या कायद्यात नाही. पण मंडळानं स्वतः ठराव करून तो पाळायला कुणाची बंदी आहे?

सरकारी केंद्राची समिती

आता पैशाकडं येऊ. रुग्ण कल्याण समितीचं मूळ इंदूरचं. १९९४ साली सुरतेत प्लेग आला, तेव्हा इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाची सफाई लोकवर्गणीतून आणि लोकांच्या समितीतून झाली. ती कल्पना मध्य प्रदेशानं राज्यभर नेली आणि २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हा ती देशभर आली. नोंदणीकृत संस्था, वर नियामक मंडळ, खाली कार्यकारी समिती. प्राथमिक केंद्रात नियामक मंडळाच्या खुर्चीवर साधारणपणे त्या गटाचा जिल्हा परिषद सदस्य.

अभियानाच्या काळातली रक्कम सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला बंधनमुक्त निधी २५ हजार, देखभालीला ५० हजार आणि रुग्ण कल्याण समितीला १ लाख, म्हणजे एकूण पावणेदोन लाख. ग्रामीण रुग्णालयाला मिळून अडीच लाख. गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजार. पुढं या आकड्यांत बदल झाले, पण पद्धत तीच राहिली. 'बंधनमुक्त' हा शब्द नीट वाचा. कुठल्या हेडखाली खर्च करायचा, ते मुंबईचं मंत्रालय ठरवत नाही, तुमची समिती ठरवते. बाळंतपणाच्या खोलीत गरम पाणी नसेल तर हीटर, बाया उन्हात बसत असतील तर पत्र्याचं शेड, रात्री वीज गेली तर इन्व्हर्टरची बॅटरी, गरीब पेशंटला सोलापूरला न्यायला गाडीचं डिझेल. सगळं चालतं.

आणि चालत काय नाही? तेही ऐका. केंद्राच्या आवाराला कमान, कमानीवर नावं, साहेबांच्या केबिनला सोफा, उद्घाटनाचे हारतुरे. मार्च महिना आला की निधी परत जाईल या धास्तीनं ज्या वस्तू घेतल्या जातात, त्यांचीच एक वेगळी खोली पुष्कळ ठिकाणी भरेल. प्लास्टिकच्या खुर्च्या तर विचारूच नका. पैसा कमी पडतो ही तक्रार खरी आहे, पण जो येतो तो एप्रिलमध्ये ठराव न करता मार्चमध्ये संपवायचा, ही सवय समितीची आहे, सरकारची नव्हे.

२०१८ नंतर उपकेंद्रांची 'आरोग्यवर्धिनी' केंद्रं झाली, पुढं त्यांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असं नाव मिळालं. तिथं आता जन आरोग्य समिती आहे. उपकेंद्राच्या समितीचा अध्यक्ष त्या ग्रामपंचायतीचा सरपंच, सहअध्यक्ष प्राथमिक केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, सदस्य सचिव समुदाय आरोग्य अधिकारी. म्हणजे सरपंचसाहेब, आता 'मला काय ठाऊक, डॉक्टरला विचारा' असं म्हणायची सोय राहिली नाही. अध्यक्ष तुम्ही आहात. आणि २०२२ साली मुदत संपल्यावर जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांवर प्रशासक आले, तेव्हा काय झालं ते आठवा. निवडून आलेला सदस्यच नाही, तर त्याच्या नावाच्या खुर्चीवर बसणार कोण? ज्या समित्यांत गावची माणसं जागी होती, तिथं बैठकांना फार खंड पडण्याचं कारण नव्हतं. जिथं सगळा डोलारा एका पुढाऱ्यावर, तिथं प्रोसिडिंग बुक कपाटात.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात २००७ पासून वेगळा प्रयोग झाला. आरोग्य अभियानातच 'लोकाधारित देखरेख आणि नियोजन' म्हणून पाच जिल्हे घेतले, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे. पुण्याच्या 'साथी' संस्थेनं राज्यभराचा समन्वय केला. गावकऱ्यांनी आपल्या दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचं. सेवा चांगली तर हिरवा रंग, बरी तर पिवळा, वाईट तर लाल. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही तक्ता कळतो. मग जनसुनवाई, डॉक्टर आणि अधिकारी समोर, गावकरी समोर. कुणी पैसे मागितले, कुठं औषध बाहेरून आणायला सांगितलं, ते तोंडावर. सुरुवातीला डॉक्टर मंडळी बिचकली, हे साहजिक आहे. पण त्यांच्याही लक्षात आलं की, नळाला पाणी नाही आणि क्वार्टर गळतंय, ही त्यांची तक्रार वरपर्यंत न्यायला गावासारखा दुसरा वकील नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. समिती म्हणजे डॉक्टरवर बसवलेला मुकादम नव्हे. चांगला डॉक्टर गावात टिकवायचा तर त्याच्या पोरांची शाळा, राहायची खोली, रात्री दारू पिऊन येणाऱ्यांचा त्रास, हे विषय बैठकीत निघाले पाहिजेत. बदली करून घेऊन डॉक्टर निघून गेला की आपण म्हणतो, 'गावात कुणी राहायला तयार नाही.' राहावं असं आपण काय केलं?

ट्रस्टचा दवाखाना असेल तर

धर्मादाय दवाखान्याचे विश्वस्त असाल तर कायद्याची दोन-चार कलमं माहीत हवीतच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालचा. जमिनीला जसा सातबारा, तसा ट्रस्टला परिशिष्ट एकचा उतारा. ट्रस्टी कोण, मिळकत काय, ते त्यात असतं. आणि जमिनीला जसा फेरफार, तसा ट्रस्टला बदल अर्ज. विश्वस्त वारला, नवा आला, पत्ता बदलला, मिळकत घेतली, की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. आपल्याकडं काय होतं? वीस वर्षांपूर्वी वारलेले अण्णा अजून कागदोपत्री अध्यक्ष, आणि प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्यांची नावं उताऱ्यावरच नाहीत. मग भांडण लागलं की दोन्ही गट कोर्टात, बँक खातं बंद आणि दवाखान्याला टाळं. सातबाऱ्यावर वारस लावायला आपण तलाठ्याकडं दहा खेटे घालतो. ट्रस्टच्या उताऱ्यासाठी एक खेटा घाला.

हिशेबाची दरवर्षी तपासणी करून तो सादर करायचा असतो. जागा विकायची किंवा मोठ्या मुदतीनं भाड्यानं द्यायची, तर आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. 'दवाखाना चालत नाही, रस्त्याकडची जागा गाळ्यांना देऊन टाकू' असा विषय निघाला, तर हे कलम ३६ लक्षात ठेवा. विश्वस्त म्हणजे मालक नव्हे. देणगीदारानं जमीन तुम्हाला दिली नाही, आजाऱ्यांसाठी दिली. तुम्ही राखणदार.

आणखी एक गोष्ट, जी विश्वस्तांना माहीत असते पण पेशंटला सांगितली जात नाही. ज्या धर्मादाय रुग्णालयांचा वार्षिक खर्च ५ लाखांच्या वर आहे, त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. उच्च न्यायालयानं ठरवलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. बिलाच्या एकूण रकमेतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायचे. दर बैठकीत विश्वस्तानं एकच आकडा मागावा, या निधीत जमा किती आणि गेल्या तीन महिन्यांत किती जणांना दिला? निधी पडून आहे आणि बाहेर पेशंटचा नातेवाईक मंगळसूत्र गहाण टाकतोय, असं असेल तर ते मंडळ झोपलंय. ग्रामसेवक, तलाठी मंडळींनीही हे लक्षात ठेवावं. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड यांवरच तो गरीब आत जातो. दाखल्याला चार दिवस लावलेत तर खाट असून नसल्यासारखी.

बैठकीत नेमकं काय करावं?

प्रत्येक बैठकीत औषधांचा साठा विचारा. सगळी यादी नको, दहा नावं पुरेत. सर्पदंशाचं प्रतिविष किती कुप्या आहे, कुत्रा चावल्याची लस आहे का, रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या महिनाभर पुरतील का, बाळंतपणात रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन फ्रीजमध्ये आहे का आणि तो फ्रीज चालू आहे का. आपल्याकडं उसाला पाणी द्यायला माणसं रात्रीची रानात असतात. कालवा सुटला, वीज रात्रीची, पायाखाली काय येईल सांगता येत नाही. मोहोळ-माढ्याच्या पट्ट्यातल्या सदस्यानं सर्पदंशाचा प्रश्न नाही विचारायचा तर कुणी विचारायचा? साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोप्या आरोग्य सेविकेच्या यादीत आहेत का, त्यांच्या लेकरांच्या लसी कुठं होणार, हा प्रश्न दिवाळीच्या आधीच्या बैठकीत निघाला पाहिजे. पंढरपूरच्या वाटेवरच्या गावांनी आषाढीच्या आधी पाण्याची तपासणी आणि क्लोरीन विचारावं. हे वेळापत्रक मुंबईहून येणार नाही, ते आपल्या रानातून येतं.

खरेदीचा विषय निघाला की तीन दरपत्रकं समोर ठेवायची. दुकान सदस्याच्या मेव्हण्याचं असेल तर त्या सदस्यानं आपणहून सांगावं आणि तेवढ्या वेळापुरतं बाहेर जाऊन बसावं. त्यात लाज काही नाही, उलट मान वाढतो. नोकरभरतीचंही तसंच. 'पोरगं बेकार आहे, लावा की दवाखान्यात' हे वाक्य मंडळाच्या खोलीत शिरलं की दवाखान्याचा रोजगार हमीचा मस्टर होतो.

पेशंटची गुपितं हा नाजूक विषय. अमक्याच्या सुनेची कुठली तपासणी झाली, तमक्याला कुठला आजार आहे, हे विचारायचा अधिकार अध्यक्षालाही नाही. गावात एकदा अशी गोष्ट बाहेर फुटली की पुढच्या दहा बाया दवाखान्याची पायरी चढत नाहीत. आकडे विचारा, नावं विचारू नका.

आणि बाई सदस्याबद्दल. कागदावर तिचं नाव असतं, सहीला वही घरी जाते, बैठकीला मालक येतात. दवाखान्याच्या समितीत तरी हे चालवून घेऊ नका. बाळंतपणाच्या खोलीला आतून कडी आहे का, संडास कुठं आहे, कळा सुरू झालेल्या बाईबरोबर सासूला थांबू देतात का, हे मालकांना कसं ठाऊक असणार? बैठक दुपारी दोन ते चार ठेवा. सकाळी तिला स्वयंपाक आणि रान, संध्याकाळी धार आणि पुन्हा चूल. वेळ बदलली की खुर्ची भरते. आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला नुसतं सतरंजी घालायला बोलावू नका, त्यांचं आधी ऐका, मग डॉक्टरांचं, मग आपलं. क्रम उलटा केला की त्या गप्प बसतात.

बैठक झाली की प्रोसिडिंग त्याच दिवशी लिहून वाचून दाखवावं. कोण काय करणार आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे नावासकट लिहावं, आणि पुढच्या बैठकीचा पहिला विषय तोच. कोऱ्या पानावर सही मागितली तर देऊ नये, मागणारा कितीही जवळचा असो.

येत्या ग्रामसभेत हे करता येईल. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, यातली जी जवळ असेल ती धरा. विषयपत्रिकेत आधी लेखी देऊन एक विषय घालून घ्या, 'आरोग्य समितीचा जमाखर्च वाचून दाखवणे'. ग्राम समितीचे किती आले, कशावर गेले, शिल्लक किती, आणि उपकेंद्राच्या समितीची शेवटची बैठक कुठल्या तारखेला झाली. पाच मिनिटांचा विषय आहे. ग्रामसेवकांनी पासबुक आणि प्रोसिडिंग बुक बरोबर आणावं, म्हणजे कपाटाची किल्ली कुणाकडं आहे हे शोधण्यात सभा संपणार नाही.